तीन टॅब, एक टीव्ही आणि ३२ मुलं

प्रश्न: मी कोल्हापूर जिल्ह्यात करवीर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीच्या एकत्र वर्गाला शिकवतो. एका कंपनीच्या सामाजिक निधीतून शाळेला मोठा स्मार्ट टीव्ही आणि तीन टॅब मिळालेत. वर्गात ३२ मुलं आहेत. सात-आठ जण गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत कामाला आलेल्या बिहार-उत्तर प्रदेशच्या कुटुंबांतली, घरी हिंदी-भोजपुरी. दोन मुली घरी कानडी बोलतात. मराठी आणि इंग्रजीसाठी कुठलं ॲप घ्यावं, आणि टीव्ही कसा वापरावा?

उत्तर:

सर, ॲप शोधायच्या आधी तिन्ही टॅब उघडून बघा. आवाज रेकॉर्ड करायची सोय बहुधा त्यांत असेलच, नसली तर दोन मिनिटांत उतरवता येते. पैसे लागत नाहीत, इंटरनेट लागत नाही. मी २६ वर्षं प्राथमिकला भाषा शिकवतेय, त्यातली शेवटची बारा-तेरा मोबाइल हाताशी धरून. भाषेच्या तासाला याच्याइतकं कामाला आलेलं दुसरं काही मला सापडलं नाही. टीव्हीचं शेवटी सांगते, त्याचं काम थोडंच आहे.

हिशेब करून बघा. तास ४० मिनिटांचा, मुलं ३२. तुम्ही तोंडातून शब्द काढला नाहीत तरी एकेकाच्या वाट्याला बोलायला सव्वा मिनिट येतं. प्रत्यक्षात निम्मा तास आपणच बोलतो, उरलेला पुढच्या बाकावरची चौघं खातात, आणि तुमच्या त्या भोजपुरी पोरांचं तोंड आठवडाभर उघडत नाही. चित्रं आणि गाणी आपल्याकडे भरपूर आहेत, तोंड उघडायला मिळणारा वेळ नाही. यंत्र ही टंचाई कमी करतंय का, एवढंच मी बघते. टीव्ही लावला की सव्वा मिनिटाचं शून्य होतं. तीन टॅब तीन कोपऱ्यांत ठेवले की एकाच वेळी तिघं बोलत असतात, आणि तुम्ही चौथ्याजवळ बसलेले असता.

आमच्याकडे पहिल्यांदा मोठा पडदा आला तेव्हा मीही भुलले होते. विकणाऱ्याने गाण्यांनी आणि हलत्या चित्रांनी भरलेला पेन ड्राइव्ह सोबत दिला होता. महिन्याभरात पोरं सगळी गाणी ठेक्यात म्हणायला लागली. पालक खूश, केंद्रप्रमुख खूश. मग एकदा त्यातल्याच एका गाण्याची ओळ मी फळ्यावर लिहिली, मधला एक शब्द बदलून. अकरा पोरांनी जुनाच शब्द ‘वाचला’. अक्षरांकडे कुणी बघतच नव्हतं, चालीवर घसरत चालली होती सगळी.

रेकॉर्डरचं काम असं चालतं. ५०-६० शब्दांचा उतारा घ्यायचा, पाठ्यपुस्तकातलाही चालेल. मुलानं तो वाचून रेकॉर्ड करायचा, लगेच ऐकायचा आणि पुन्हा एकदा रेकॉर्ड करायचा. मधे आपण चुका सांगायच्या नाहीत. हे फार जड जातं, मला अजून जातं. पण ऐकताना पोरगं स्वतःच म्हणतं, “बाई, मी हितं अडकलो.” ते वाक्य त्याच्या तोंडून यायला हवं. पहिले दोन दिवस फक्त हसाहशी होते, कारण आपला आवाज आपल्याला एरवी हाडांतूनही ऐकू येतो आणि यंत्रातला पातळ, परका वाटतो. हसू द्या. तिसऱ्या दिवशी नवलाई संपते. टॅब तोंडासमोर धरायचा नाही. एक वीत लांब, जरा बाजूला धरायचा, नाहीतर प्रत्येक ‘फ’ आणि ‘भ’ला फुंकर बसते. गट पाच-सहा जणांचा, एक टॅब व्हरांड्यात. पावसाळ्यात पत्र्यावर धो धो कोसळत असेल तर तो दिवस सोडून द्या, काही ऐकू येत नाही.

जागेची काळजी नको. मिनिटभराचं रेकॉर्डिंग साधारण एक एमबीचं होतं. म्हणजे अख्ख्या वर्गाची एक फेरी तीसेक एमबीत बसते. मी वर्षातून तीनदा तोच उतारा वाचून घेते: जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर, दिवाळीच्या सुट्टीनंतर डिसेंबरात आणि एप्रिलमध्ये. मिनिटाला किती शब्द बरोबर वाचले ते मोजते. ही मोजणी शेजारच्या पोराशी ताडून बघायची नाही, ज्याची त्याची त्याच्याच जूनशी. एका पालक सभेत एका फौंड्री कामगाराला त्याच्या मुलीचं जूनचं आणि डिसेंबरचं वाचन पाठोपाठ ऐकवलं. त्याला मराठी वाचता येत नव्हतं, प्रगतिपुस्तकातल्या श्रेण्या त्याच्या दृष्टीनं नुसता कागद होता. हे मात्र त्यानं तीनदा ऐकलं. मुलांचे आवाज गावच्या ग्रुपवर किंवा यूट्यूबवर टाकू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. कायदा नसता तरी अडखळत वाचणारं पोरगं चव्हाट्यावर आणणं बरं नव्हे.

आता दुसरं हत्यार, बोलून टाइप करण्याचं. कळफलकावरच्या माइकच्या खुणेवर बोट ठेवून मराठीत बोललं की अक्षरं उमटतात. याला बहुतेक वेळा नेट लागतं. बोलता येतं पण लिहिता येत नाही, अशा मुलांसाठी मी ते वापरते. आपण बोललेलं वाक्य समोर उभं राहतं तेव्हा पोरांच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते बघण्यासारखं असतं. मग तेच वाक्य वहीत उतरवायचं, पूर्णविराम आपण द्यायचे (यंत्र सहसा देत नाही), ऱ्हस्व-दीर्घ पाठ्यपुस्तकाशी ताडून बघायचे. यंत्रानं ऐकलेलं आणि आपण बोललेलं जिथं जुळत नाही, तिथं थांबून बोलायचं.

आपल्याकडं ते बऱ्याचदा जुळत नाही. आपली पोरं म्हणतात, “मला जायाचं हाय.” पोरीही “मी आलो, मी जेवलो” म्हणतात. “मी काम केलो” तर गल्लोगल्ली ऐकू येतं. यंत्र यातलं काही पुस्तकी करून टाकतं, काहीचं भलतंच करतं. अशा वेळी पोराला ‘तू चुकलास’ म्हणू नका. मी फळ्यावर दोन रकाने करते, ‘घरातलं’ आणि ‘पुस्तकातलं’. “जायाचं हाय” पहिल्यात, “जायचं आहे” दुसऱ्यात. दोन्ही फळ्यावर राहतात, कुठलंच खोडायचं नाही. हिंदी बोलणाऱ्या पोरांसाठी तिसरा रकाना काढला की सगळा वर्ग त्यात घुसतो, कारण हिंदी सिनेमे सगळ्यांनीच बघितलेले असतात.

यंत्राला काय कळत नाही हे मला एका पाटण्याकडच्या मुलानं शिकवलं. चौथीत होता, हुशार. ‘माझी शाळा’वर बोलून टाइप केलेलं त्याचं पहिलं वाक्य होतं, ‘मला शिक्षा खूप आवडते.’ एकूण एक अक्षर बरोबर. वर्ग खो खो हसला, तो गोरामोरा झाला. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, आपल्याकडं छडी. त्याच दिवशी आम्ही भिंतीवर एक तक्ता लावला, दोन्ही भाषांत दिसणाऱ्या पण वेगळं बोलणाऱ्या शब्दांचा. चेष्टा: तिकडं प्रयत्न, इकडं मस्करी. यात्रा: तिकडं कुठलाही प्रवास, इकडं जोतिबाची. कल: तिकडं काल किंवा उद्या, इकडं झुकाव. तक्ता भरायचं काम मी त्या मुलाकडेच दिलं, आणि हसणाऱ्यांना शब्द शोधून त्याच्याकडे आणावे लागले. पालकांना निरोप पाठवतानाही हे लक्षात ठेवा. मराठी निरोप भाषांतराच्या ॲपमधून हिंदीत करून पाठवण्यापेक्षा मोडक्यातोडक्या हिंदीत स्वतःच्या आवाजात पाठवलेला बरा. आवाजावरून बाईंचा रोख तरी कळतो.

लिंगाचा घोळ तुमच्याकडे दोन तऱ्हेचा असणार. हिंदीत नपुंसकलिंग नाही आणि तिथं पुस्तक स्त्रीलिंगी, म्हणून ती मुलं ‘माझी पुस्तक’ म्हणतात. कानडीत निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी, म्हणून त्या दोघी ‘ते वही’, ‘ते खुर्ची’ म्हणत असतील. नियम सांगून हे सुटत नाही, कारण सांगण्यासारखा नियमच नाही. शब्द त्याच्या सोबत्यासकट कानात बसावा लागतो: माझं पुस्तक, माझी वही, माझा डबा. म्हणून सुटा शब्द कधीच पाठ करून घेऊ नका.

इथं उजळणीचं यंत्र उपयोगी पडतं. माणूस शिकलेलं कसं विसरत जातो हे हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून मांडलं. विसरायच्या बेतात असताना आठवलं तर जास्त टिकतं, या तत्त्वावर अँकीसारखी ॲप चालतात. पण तीन टॅबवर ३२ जणांची अँकी चालवणं म्हणजे रांगेत उभं राहून पाणी भरणं. सेबास्टियन लाइटनर या पत्रकारानं १९७२ मध्ये हीच युक्ती कागदी पत्त्यांवर सांगितली होती, आणि मी तीच वापरते. चप्पल लाइनमधल्या दुकानांतून रिकामी खोकी आणली आणि प्रत्येकात पुठ्ठ्याचे पाच कप्पे केले. नवा पत्ता पहिल्या कप्प्यात, तो रोज काढायचा. बरोबर आला की दुसऱ्यात, दिवसाआड. मग आठवड्यानं, पंधरवड्यानं, महिन्यानं. चुकला की कितव्याही कप्प्यातून थेट पहिल्यात. पत्त्याच्या एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला ‘माझं पुस्तक’. टॅबचं काम फक्त पत्ते बनवायचं: मुलांनी फोटो काढायचे, मी छापून आणायचे.

लेखनासाठी कळफलक कुठला लावता ते महत्त्वाचं आहे. इंग्रजी अक्षरांत टाइप करून मराठी उमटवणारा कळफलक मोठ्यांना सोयीचा, मुलांना नको. त्यात ‘पाणी’ की ‘पाणि’ हे यंत्र ठरवतं आणि पोरगं वरची पहिली सूचना दाबून मोकळं होतं. इनस्क्रिप्ट किंवा साधा वर्णमालेचा कळफलक लावा. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, ‘क’च्याच कळीवर शिफ्ट धरून ‘ख’. पोरांना दोन आठवड्यांत जमतं, आपल्याला महिना लागतो.

त्यात एक फायदा लपलेला आहे, जोडाक्षरं. वहीत ‘ज्ञ’ हे एक चित्र असतं. मराठी पोरगं ‘द्न्य’ म्हणतं, हिंदी पोरगं ‘ग्य’, आणि दोघांनाही त्यात काय दडलंय ठाऊक नसतं. कळफलकावर मात्र ज, मग पाय मोडायची खूण, मग ञ दाबलं की ते डोळ्यांसमोर उमटतं. (काही कळफलकांवर ‘ज्ञ’ची तयार कळ असते, ती पोरांना दाबू देऊ नका.) ‘क्ष’ही तसंच, क, पाय मोडा, ष. त्या दिवशी वर्गात नुसता कल्ला होतो. पुढचा टप्पा ‘र’चा. ‘ऱ्हस्व’ हा शब्द साध्या र-नं टाइप केला तर रफार होऊन ‘ह’च्या डोक्यावर चढतो, त्याला वेगळा ‘ऱ’ लागतो. मग मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिते: ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’. लग्नघरात कुणाला बोलवायचं, मंत्र म्हणणाऱ्याला की जेवण करणाऱ्याला? हा फरक एकदा बोटाखालून गेला की सहसा विसरला जात नाही.

यंत्राकडून वाचून घेताना सावध राहा. आपल्या ‘च’ आणि ‘ज’चे दोन-दोन उच्चार आहेत आणि अक्षर एकच. ‘चिंच’ म्हणून बघा, पहिला च वेगळा, दुसरा वेगळा. ‘जग’ म्हणजे विश्व तेव्हा एक ज, ‘जग’ म्हणजे जगत राहा तेव्हा दुसरा. यंत्राचा आवाज इथं अनेकदा घसरतो, आणि बाहेरून आलेलं पोरगं तीच घसरण बरोबर समजून उचलतं. मराठी ऐकवायला तुमचा आवाज, स्वयंपाकाच्या ताईंचा आवाज, कुणाच्या आजीचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा.

माणसांचे आवाज रेकॉर्ड करण्यावरून आठवलं. आतापर्यंत माझ्या वर्गात जमलेला सगळ्यात चांगला उपक्रम गुऱ्हाळाचा होता. गळीत हंगाम सुरू झाला की गावाबाहेरच्या गुऱ्हाळावर टॅब घेऊन गेलो. पोरांनी गुळव्याला, म्हणजे गूळ करणाऱ्याला, प्रश्न विचारले, उत्तरं रेकॉर्ड केली, वस्तूंचे फोटो काढले. काहील (रस उकळायची मोठी कढई), चुलवाण (तिच्याखालची भट्टी), चिपाडं, मळी, रवा (गुळाची ढेप). रस साफ करायला भेंडीचा चीक घालतात हे अर्ध्या वर्गाला ठाऊक नव्हतं. वर्गात आल्यावर फोटोखाली शब्द, शब्दाखाली एक वाक्य, आणि त्याला जोडून गुळव्याचा आवाज. पाठ्यपुस्तकात न सापडणारे चाळीसेक शब्द जमले. मग फौंड्रीवाल्या पोरांनी हट्ट धरला की आमच्या बापाच्या कामाचे शब्द का नाहीत? कारखान्यात मुलांना कोण सोडणार, म्हणून एका मुलाच्या वडिलांना शनिवारी शाळेत बोलावलं. साचा कसा भरतात ते त्यांनी ओल्या मातीत करून दाखवलं, हिंदीत बोलले, आणि त्याचं मराठी वर्गानं केलं. वर्षभर गप्प असलेला त्यांचा मुलगा त्या दिवशी दुभाषी होता.

तयार साहित्याचं थोडक्यात. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड दीक्षा या सरकारी ॲपवर नेतात. दीक्षा २०१७ मध्ये सुरू झालं, त्यातलं हवं ते घरच्या नेटवर उतरवून आणा. गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर बघा. २०१५ पासून आहे, मराठीत पुष्कळ गोष्टी आहेत, वाचनाच्या पातळ्या लावलेल्या आहेत, आणि परवाना खुला असल्यानं छापता येतात, बदलताही येतात. आम्ही एक गोष्ट पोरांकडून कोल्हापुरीत करून घेतली होती, ‘न्हाई’ आणि ‘व्हय’ सकट. गूगलचं रीड अलाँग, जे २०१९ मध्ये बोलो नावानं आलं, मुलाचं वाचन ऐकून अडलेला शब्द दाखवतं आणि त्यात मराठी आहे. एकट्यानं सराव करायला ठीक आहे. त्यातल्या चांदण्या गोळा करायच्या नादात पोरं सोपी गोष्टच पुन्हा पुन्हा वाचतात, तेवढं बघा.

इंग्रजी आपल्याकडं २००० पासून पहिलीपासून आहे, तरी चौथीतलं पोरगं एक वाक्य बोलायला बिचकतं. कारण तेच, सव्वा मिनिट. इंग्रजीला मात्र यंत्राचा आवाज चालतो, बहुतेक वेळा आपल्यापेक्षा बराच. भारतीय इंग्रजीचा आवाज निवडा, वाक्य ऐका, त्याच्यामागोमाग म्हणा, रेकॉर्ड करा, दोन्ही पाठोपाठ ऐका. यूट्यूबवरची चित्रफीत असेल तर वेग ०.७५ करा. रोज तीन वाक्यं पुरेत.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटबॉटचा उपयोग मी स्वतःसाठी करते, पोरांच्या हातात देत नाही. ‘जोडाक्षर नसलेला ५० शब्दांचा उतारा, विषय पाऊस’ असं सांगितलं की दहा उतारे समोर येतात. त्यातल्या चारांत जोडाक्षर घुसलेलं असतं आणि दोनांत ‘आपण हे करू शकता’ छापाची मराठी. पेन घेऊन दुरुस्त करायला दहा मिनिटं, शून्यातून लिहायला तास. एवढाच त्याचा फायदा.

आणि टीव्ही. आवाज बंद करून लावा. खासबागेतल्या कुस्तीची, रंकाळ्यावरच्या संध्याकाळची, कशाचीही दोन मिनिटांची मूक चित्रफीत, आणि पोरांनी समालोचन करायचं. एकदा सगळ्यांनी मिळून, मग गटानं, मग टॅबवर रेकॉर्ड करून. कुस्तीला तर शेवटच्या बाकावरचा पोरगाही उठून उभा राहतो. दुसरा उपयोग म्हणजे गोष्टीचं पान मोठं करून दोघांनी मिळून वाचायचं. पंधरा मिनिटांच्या वर तो चालू ठेवू नका.

एक शेवटचं, अनुभवाचं. रेकॉर्डिंगच्या फाइलला तिथल्या तिथं नाव द्या, हजेरी क्रमांक आणि महिना, जसं ‘१४ जून’. पहिल्या वर्षी मी यंत्रानं दिलेली नावंच ठेवली होती आणि डिसेंबरात ९६ फाइलींतून कोण कुठला ते मला लागेना. दोन रविवार गेले. शेवटी चौथीतल्या दोघी मैत्रिणी टॅब घेऊन व्हरांड्यात बसल्या, आणि मधल्या सुट्टीच्या आत नुसत्या खोकल्यावरून, दमावरून, “अं…” वरून सगळे ओळखून दिले.